गिअरबॉक्स दुरुस्त करावा की बदलावा?

परभणीच्या बसस्थानकाबाहेर जरा वेळ उभे राहा. जिंतूर, पाथरी, गंगाखेड अशा गावांना जाणाऱ्या जीपगाड्या तुम्हांला दिसतील. त्यांतली एक जुनी जीप तुमच्या मामांची आहे, असे समजा. परभणी ते जिंतूर हा तिचा रोजचा रस्ता. गेले काही दिवस ती चालताना घरघर आवाज करते. दुसरा गिअर टाकताना ‘खर्रर्र’ होते आणि उतारावर तोच गिअर कधी कधी आपोआप सुटतो.

मामा गाडी गॅरेजात नेतात. एक मिस्त्री म्हणतो, ‘‘मामा, हा गिअरबॉक्स संपला. नवाच टाका.’’ दुसरा म्हणतो, ‘‘कशाला एवढा खर्च? भंगारवाल्याकडून एक चांगला आणून बसवतो.’’ तिसऱ्याचे तर तिसरेच. ‘‘दाता गेला असेल तर वेल्डिंग मारून देतो, दोन वर्षे बघायला नको!’’

आता मामांनी कोणाचे ऐकावे? घरचा सगळा खर्च या जीपवर चालतो. शिवाय तिच्यात रोज माणसे बसतात, शाळेला जाणारी मुलेही बसतात. चुकीचा निर्णय झाला तर एकतर पैसा बुडेल, नाहीतर माणसे धोक्यात येतील. हा निर्णय नुसत्या अंदाजाने घेण्याची गरज नाही. कान, चुंबक, मोजपट्टी आणि थोडे अंकगणित एवढ्या साधनांनी तो कसा घेता येतो, ते आपण पाहू.

डब्यात काय असते?

इंजिन जोरात फिरते, पण त्याचा पिळण्याचा जोर मर्यादित असतो. थांबलेली भरलेली गाडी हलवायला मोठा जोर लागतो, तर सपाट रस्त्यावर पळवायला जोर कमी आणि वेग जास्त लागतो. हा अदलाबदलीचा व्यवहार गिअरबॉक्स करतो. लहान दंतचक्राने मोठे दंतचक्र फिरवले, तर फेरे कमी होतात आणि जोर वाढतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण साडेतीन-चार फेरे झाले, की बाहेर जाणाऱ्या दांड्याचा एक फेरा होतो. जीपसारख्या गाडीत सर्वांत वरच्या, सरळ गिअरमध्ये मात्र दोन्ही दांडे बरोबरीने फिरतात.

डब्यात तीन प्रकारच्या वस्तू असतात. पहिली, पोलादाची दंतचक्रे आणि ती वाहणारे दांडे म्हणजे शाफ्ट. दुसरी, शाफ्टना आधार देणारी बेअरिंगे, तेल अडवणारी ऑइल सीले आणि गिअर जुळवणाऱ्या पितळी कड्या. तिसरी वस्तू म्हणजे खुद्द डबा, म्हणजे बाहेरचे ओतीव कवच. हे तीन गट लक्षात ठेवा. पुढचा सगळा निर्णय त्यांवरच अवलंबून आहे.

एका खेपेत किती फेरे?

आता एक गणित करू. जीपच्या चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरा आणि परभणी ते जिंतूर अंतर ४४ किलोमीटर धरा. ४४,००० ला २.२ ने भागले, तर एका खेपेत चाकाचे २०,००० फेरे होतात. चाकाच्या एका फेऱ्यासाठी गिअरबॉक्सच्या बाहेरचा दांडा साधारण चार वेळा फिरतो, म्हणजे त्याचे ८०,००० फेरे झाले. रोज दोनदा जाणे-येणे केले तर दिवसाचे ३,२०,००० आणि ३०० दिवसांचे ९ कोटी ६० लाख!

दर फेऱ्याला प्रत्येक दाता समोरच्या एखाद्या दात्याला भिडतो. सगळ्याच भेटी जोराच्या नसतात हे खरे. पण एखादी तार तुम्ही पुन्हापुन्हा वाकवली तर ती कशी तुटते, ते आठवा. एकदा वाकवून न तुटणारी तार वीस वेळा वाकवून तुटते. धातूच्या या गुणाला ‘धातूचा थकवा’ म्हणतात. दात्याच्या पृष्ठभागाखाली अशाच बारीक भेगा पडतात, त्या वाढतात आणि एक दिवस तेथला बारीक कपचा निघून खड्डा पडतो.

टायरवर रबर चढते, मग दात्यावर धातू का नाही?

तुम्ही विचाराल, टायर झिजला तर त्यावर नवे रबर चढवून रिमोल्ड करतात. एसटी महामंडळाचे तर टायर रिमोल्ड करण्याचे स्वतःचे कारखाने आहेत. मग झिजलेल्या दात्यावर वेल्डिंगने धातू चढवला तर काय बिघडले?

याचे उत्तर गावच्या लोहाराकडे आहे. विळा घडवून झाला की लोहार त्याची धार तापवतो आणि ‘पाणी देतो’. धार कठीण होते, पण मागचा भाग तो मऊच ठेवतो. सगळा विळा धारेसारखा कठीण केला असता, तर दगडावर आपटताच काचेसारखा तुटला असता. सगळा मऊ ठेवला असता, तर धार टिकली नसती.

गिअरचा दाताही असाच दुहेरी स्वभावाचा हवा. बाहेरून कठीण, म्हणजे घासणार नाही, आणि आतून चिवट, म्हणजे धक्क्याने मोडणार नाही. त्यासाठी कमी कार्बनच्या पोलादाचे दंतचक्र कापून घेतात. मग ते सुमारे ९०० ते ९३० अंश सेल्सिअस तापमानाला, कार्बन पुरवणाऱ्या वायूत कित्येक तास ठेवतात. आतल्या पोलादात कार्बन ०.२ टक्क्याच्या आसपास असतो, तो पृष्ठभागात मुरून ०.८ टक्क्यापर्यंत जातो. नंतर ते एकदम थंड केले, की बाहेरची कातडी इतकी कठीण होते की साधी कानस तिच्यावरून नुसती घसरते. पण ही कातडी जाड किती असते? मोटारगाडीच्या दात्यावर साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. दोन-तीन पोस्टकार्डे एकावर एक ठेवा, एवढीच!

ही कातडी फुटली की आतले मऊ पोलाद उघडे पडते आणि मग झीज झपाट्याने वाढते. वेल्डिंगच्या उष्णतेने तर शेजारच्या चांगल्या दात्यांचे ‘पाणी’ही उतरते. शिवाय दात्याची कड सरळ नसते. रिळावर गुंडाळलेला दोरा ताणून सोडवत गेले, तर दोऱ्याचे टोक जी वक्ररेषा काढते, ती त्या कडेची रेषा असते. त्या आकारामुळेच दाते एकमेकांवर न अडखळता लोळत-घसरत जातात. ती वक्ररेषा हाताने कानस मारून कशी साधणार? ऊसाच्या रसवंतीचे मोठे, सावकाश फिरणारे चक्र वेल्डिंग करून काही दिवस चालू शकते. मिनिटाला हजारो फेरे घेणारा गाडीचा गिअर चालत नाही. तिसऱ्या मिस्त्रीचा सल्ला येथेच बाद झाला.

आधी ऐका

डबा उतरवण्यापूर्वी बिघाड खरोखर डब्यातच आहे ना, ते पाहावे. पुढच्या परीक्षा गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसाने कराव्यात, तुम्ही ऐकण्याचे काम करा.

गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि क्लचवरून पाय काढलेला. घरघर येते का? आता क्लच दाबला. आवाज थांबला, तर दोष डब्यातल्या आत येणाऱ्या शाफ्टच्या किंवा त्याच्याबरोबर फिरणाऱ्या खालच्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये असण्याचा संभव आहे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर दोष बहुधा क्लचच्या बेअरिंगचा. तेथे गिअरबॉक्स निर्दोष!

गाडी चालताना एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल, तर त्या गिअरची जोडी पाहावी. सर्व गिअरांत येत असून सरळ गिअरमध्ये कमी होत असेल, तर खालच्या शाफ्टची बेअरिंगे पाहावीत. सगळेच गिअर टाकताना खरखर होत असेल, तर क्लच पुरता सुटत नसेल. त्यासाठी गिअरबॉक्स बदलणारा माणूस डोके दुखते म्हणून टोपी बदलणारा म्हणायचा. एकाच गिअरला खरखर असेल, तर त्याची पितळी कडी झिजलेली असते.

ही कडी काय करते? चालत्या एसटीत चढू नये हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण कोणी चढलाच, तर आधी बसच्या बरोबरीने पळतो आणि मगच दांडी धरतो. तसेच ही कडी आधी घर्षणाने दंतचक्राचा वेग शाफ्टच्या वेगाशी जुळवते आणि मग दोघांना अडकू देते. ही युक्ती अमेरिकेत अर्ल थॉम्पसन यांनी काढली आणि १९२८ साली ती प्रथम कॅडिलॅक मोटारीत आली. जुन्या जीपमध्ये पहिल्या गिअरला अशी कडी नसे. म्हणून तो टाकताना चालक गाडी थांबवत किंवा क्लच दोनदा दाबत.

तेलाची साक्ष

डॉक्टर रक्त तपासतात, तसे मिस्त्रीने गिअर ऑइल तपासावे. तेल पांढऱ्या कागदावर घेऊन उन्हात धरा आणि शाळेतले चुंबक त्या कागदाखाली फिरवा.

चुंबकाला करड्या मलमासारखी पूड चिकटली, तर घाबरू नका. ती रोजची झीज आहे. पिवळी चमक दिसली आणि ती चुंबकाकडे येत नसेल, तर ते पितळ आहे. कड्या झिजत आहेत. चकचकीत पोलादी कपचे चुंबकाला चिकटले, तर दात्याची किंवा बेअरिंगची कातडी निघू लागली आहे. तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे.

पाणी कसे शिरते? आपल्याकडे पावसाळ्यात ओढ्याच्या फरशीपुलावरून पाणी वाहते. चालून तापलेला डबा त्यात बुडाला की एकदम थंड होतो. आतली हवा आकुंचन पावते, दाब घटतो आणि डब्याच्या श्वासछिद्रातून किंवा जुन्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. वायूंचे नियम तुम्ही पुस्तकात शिकता, ते येथे असे मामांच्या खिशाला हात घालतात! असे तेल ताबडतोब बदलावे. नवे तेलही गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच घालावे. पुस्तिका ‘जीएल-४’ म्हणत असताना ‘जीएल-५’ घातले, तर त्यातली जादा गंधकयुक्त द्रव्ये पितळी कड्या खाऊ शकतात.

आता उघडा आणि मोजा

डबा उतरवून उघडला की तीन गट आठवायचे.

बेअरिंगे, सीले आणि पितळी कड्या या झिजण्यासाठीच केलेल्या वस्तू आहेत. त्या झिजल्या म्हणजे गिअरबॉक्स संपला, असे नव्हे. चपलेचा अंगठा तुटला म्हणून कोणी चप्पल टाकत नाही. कडी दंतचक्रावर दाबून बसवून मधली फट फिलर गेजने मोजतात. नवी असताना ही फट अनेक गाड्यांत एक मिलिमीटरच्या आसपास असते. ती अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली, की कडी बदलण्याची वेळ आली. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

दंतचक्रांचे तसे नाही. एकेक दाता स्वच्छ पुसून, भिंगाखाली पाहावा. नुसता गुळगुळीत चकाकत असेल तर उत्तम. खड्डे पडले असतील किंवा कोपरा उडाला असेल, तर ते चक्र बाद. आणि बाद करताना त्याचा जोडीदारही बाद करावा. असे का?

लहान चक्राला १२ आणि मोठ्याला ३६ दाते असते, तर लहान चक्राच्या दर तीन फेऱ्यांनी तेच दाते पुन्हा भेटले असते आणि एका वाईट दात्याने ठरावीक तीनच दात्यांचा छळ केला असता. म्हणून अभियंते शक्यतो १३ आणि ३६ असे, समाईक विभाजक नसलेले आकडे घेतात. मग लहान चक्राचे ३६ फेरे होईपर्यंत तीच जोडी पुन्हा जमत नाही. प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येकाला भेटतो आणि झीज सारखी वाटली जाते. दोन्ही चक्रे एकमेकांच्या झिजलेल्या आकाराला सरावतात. त्यांत एकच नवे आले, तर ते जुन्याच्या आकाराशी जुळत नाही. आवाज करते आणि लवकर झिजते.

राहिला खुद्द डबा. त्याला तडा गेला असेल, किंवा बेअरिंगची बैठक इतकी सैल झाली असेल की बेअरिंग आपल्या जागीच गरगर फिरते, तर शाफ्टमधले अंतर बिघडते. तेथे नवे दाते घालूनही उपयोग नाही. बऱ्याच डब्यांत खालच्या शाफ्टवरील सर्व चक्रांचा एकच अखंड घड असतो. त्याचा एक दाता गेला तरी अख्खा घड बदलावा लागतो आणि तो महाग असतो. डबा फुटला किंवा घड आणि दोन-तीन जोड्या गेल्या, की बदलण्याचे पारडे जड होते.

शेवटचे अंकगणित

मामांच्या जीपचा घड आणि डबा चांगला निघाला. दुसऱ्या गिअरची जोडी, दोन कड्या आणि बेअरिंगे खराब निघाली. आता पैशाचा हिशेब करू. पुढचे आकडे केवळ गणितासाठी घेतले आहेत. खरे भाव तुमच्या गावच्या दुकानात विचारावेत.

गाडी उभी राहिली की मामांची दिवसाला ८०० रुपये कमाई बुडते. जीपचे इंजिन व सांगाडा पाहता ती आणखी ६०,००० किलोमीटर चालेल. दुरुस्तीला तीन दिवस लागतात, अख्खा डबा बदलायला एक.

पहिला मार्ग असा. जे सर्वांत जास्त वाजते तेवढेच बदलावे. खर्च ६,००० आणि बुडालेली कमाई २,४००. पण बाकीचे जुने भाग १५,००० किलोमीटरनंतर पुन्हा डबा उघडायला लावतील. किलोमीटरला ५६ पैसे पडले.

दुसरा, पूर्ण ओव्हरहॉल. सगळी बेअरिंगे, सीले, कड्या आणि ती एक जोडी बदलावी. १८,००० अधिक २,४००. ६०,००० किलोमीटरला पुरेल. किलोमीटरला ३४ पैसे.

तिसरा, भंगारातला डबा. १२,००० अधिक ८००. तोही ६०,००० चालला तर अवघे २१ पैसे. पण १०,००० वरच बसला तर १ रुपया २८ पैसे! दोन्ही शक्यता सारख्याच धरल्या, तर असे दोन डबे मिळून २५,६०० रुपयांत ७०,००० किलोमीटर, म्हणजे सुमारे ३७ पैसे. भंगारातला डबा घेऊच नये असे नाही. पण झाकण उघडून दाते पाहू देत असतील, तरच घ्यावा.

चौथा, नवा डबा. ४५,००० अधिक ८००. तो दीड लाख किलोमीटर चालेल, पण गाडी तेवढी चालणार आहे का? ६०,००० ने भागले तर ७६ पैसे. गाडी नवी असती आणि दीड लाखाने भागता आले असते, तर सुमारे ३१ पैसेच पडले असते!

म्हणजे भाजक कोणता, यावर उत्तर बदलते. डबा किती चालेल हे पुरेसे नाही. डबा आणि गाडी यांपैकी जे आधी संपेल, त्याने भागायचे. गेल्या वर्षी याच डब्यावर मामांनी केलेला खर्च मात्र या हिशेबात धरायचा नाही. तो पैसा गेला. दुरुस्ती केली तरी परत येत नाही आणि डबा बदलला तरी येत नाही.

मामांनी पूर्ण ओव्हरहॉल करून घ्यावा, असे आपले उत्तर आले. पण याच जीपचा घड फुटलेला निघाला असता, तर पहिल्या मिस्त्रीचे म्हणणे खरे ठरले असते.

जे पैशात मोजायचे नाही

एक गोष्ट मात्र या अंकगणिताच्या बाहेर ठेवायची. जिंतूरकडे अजिंठ्याच्या डोंगराचे फाटे लागतात आणि रस्त्याला चढउतार येतात. उतारावर गिअरमध्ये असलेली गाडी इंजिनच आवरून धरत असते. अशा वेळी गिअर सुटला, तर तो आवर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तुटलेल्या दात्याचा तुकडा दोन चक्रांमध्ये अडकला, तर चाके एकदम जाम होऊ शकतात. म्हणून गिअर सुटू लागला किंवा तेलात दात्याचा तुकडा सापडला, की ‘ही आठवड्याची भाडी होऊ देत, मग बघू’ असे म्हणायचे नाही. गाडी त्याच दिवशी उभी करायची. दुरुस्ती की बदल, हा प्रश्न नंतरचा.

करून पाहा

गिअरबॉक्स नाही, पण सायकल तुमच्याकडे असेल. सायकलच्या साखळीत एका खिळीपासून पुढच्या खिळीपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. तेव्हा नव्या साखळीत एका खिळीच्या मध्यापासून मोजलेल्या पुढच्या २४ व्या खिळीचा मध्य बरोबर १२ इंचांवर येतो. साखळी ताणून फूटपट्टी लावा. तो मध्य १२ इंचांच्या पुढे पाव इंचाच्या निम्मा, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर गेला असेल, तर साखळी एक टक्का लांबली. ती बदलण्याची वेळ झाली.

साखळी फार जुनी होऊ दिली, तर तिने मागच्या फ्रीव्हीलचे दातेही आपल्यासारखेच झिजवलेले असतात. मग नुसती नवी साखळी घातली तर ती दात्यांवरून उड्या मारते आणि दोन्ही बदलावे लागते. वेळेवर मोजणाऱ्याचे फ्रीव्हील वाचते. वर्गातल्या दहा सायकलींच्या साखळ्या मोजून त्यांचा तक्ता करा. कोणाच्या सायकलीला आता थोडक्या खर्चात वाचवता येईल, ते तुम्हीच त्यांना सांगू शकाल.